विसरलेला ओटीपी आणि भावाचा आजार

समजा, एका मुलीच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ती स्वतः ठणठणीत आहे, नोकरी करते. ओटीपी वाचून टाईप करेपर्यंत ती शेवटचे दोन आकडे विसरते. तुम्ही-आम्ही विसरलो तर मेसेज पुन्हा उघडतो आणि पुढे जातो. तिच्या मनात मात्र भाऊ येऊन जातो. हे विसरणं तिचं, की घराण्याचं?

तिची शंका अगदीच हवेतली नाही. सोही पार्क, फिलिप होल्झमन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांचा अमेरिकेतला अभ्यास 1995 साली आला. त्यात रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांची स्मृती तपासली होती. पडद्यावर क्षणभर ठिपका दिसतो. काही सेकंद लक्ष दुसरीकडे गुंतवलं जातं. मग ठिपका होता तिथे नजर न्यायची. नातेवाईक सरासरीने इतरांपेक्षा जास्त चुकले. शब्दांच्या याद्या आठवण्याच्या चाचण्यांतही फरक दिसला आहे, फार मोठा नाही, पण आहे.

नातेवाइकांनाच का तपासायचं? रुग्णाच्या स्मृतीवर आजाराचा, औषधांचा, वर्षानुवर्षांच्या एकटेपणाचा थर बसलेला असतो. निरोगी भावंडावर तो नसतो, म्हणून आनुवंशिक धागा स्वच्छ दिसेल अशी आशा.

पण भावंड इतकं कोरं असतं का? सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (2004) पाहिला असेल तर शेषची बहीण आठवा. रात्रीची जाग, औषधांच्या वेळा, शेजाऱ्यांना द्यायची उत्तरं हे कित्येक घरांत बहिणीच्याच वाट्याला येतं. झोप मोडली, ताण वाढला की कुणाचीही स्मृती ढिली पडते.

शिवाय सरासरी गटाची असते. त्या गटात उत्तम स्मरणशक्तीची माणसंही असतात. सख्ख्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात साधारण 9. एकसारख्या जुळ्यांतसुद्धा एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 वधूवरांच्या स्वतःच्या मनःस्थितीबद्दल अट घालतो, त्यांच्या भावंडांबद्दल चकार शब्द काढत नाही. स्थळ बघणारे मात्र आधी तेच विचारतात. (मधुमेहाबद्दल एवढ्या कुजबुजीत कुणी विचारत नाही.)

मग चाचणीत तिचे गुण कमी आले, तर तिला सांगावं का? न सांगणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. त्या आकड्यावरून तिचं पुढे काय होईल ते कळत नाही, भीती तेवढी वाढते. तरी परस्पर लपवणं मला पटत नाही. तिची स्मृती भावाचा आजार समजून घ्यायला वापरायची आणि तिला तिच्याचबद्दल काही सांगायचं नाही, म्हणजे तिला नमुन्याची बाटली समजणं झालं. उलट, नको असताना आकडा हातात ठेवणं हीसुद्धा जबरदस्तीच.

तेव्हा चाचणीआधीच तिला विचारावं, निकाल हवा का? ‘नको’ म्हणाली तर कारण विचारू नये. ‘हवा’ म्हणाली तर नुसता कागद हातात देऊ नये. कुणीतरी शेजारी बसून सरासरी म्हणजे काय ते सांगावं, आणि गेल्या आठवड्यात ती किती झोपली तेही विचारावं.