प्रेक्षणीय

रायपूरच्या गोल बाजारात कोणी पूजेचे साहित्य घेऊ लागले, की दुकानदाराला त्यामागचे प्रयोजन बहुधा विचारावे लागत नाही. सामानाच्या यादीवरूनच लग्न, श्राद्ध, यात्रा असा प्रसंग त्याच्या ध्यानात येतो. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी घरातील वृद्ध दांपत्य अशा दुकानापुढे उभे आहे, अशी कल्पना करावी. खरेदी थोडीच आहे. तसबिरीला घालायचा एक चंदनी हार, आणि शेजारच्या दुकानातून घेतलेल्या उन्हाच्या दोन टोप्या. या जोडीचा अर्थ दुकानदाराला लागत नाही. तो विचारतो, “तीरथ जावत हव का?”

या साध्या प्रश्नाला दोघांचे उत्तर एक येत नाही. त्यांना अंदमानला जायचे आहे. आठवडाभराच्या सहलीत निळा समुद्र आहे, पोवळ्यांचे खडक आहेत, चुनखडीच्या गुहा आहेत. आणि सेल्युलर जेलही आहे. हार त्या तुरुंगातील एका कोठडीसाठी आहे, टोप्या उरलेल्या सगळ्यासाठी. पती म्हणतात, “तीर्थच म्हणा.” पत्नी म्हणतात, “फिरायलाच चाललो आहोत.” दोघेही खरेच बोलतात. परंतु या दोन उत्तरांमध्ये एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या यातनेची जागा आणि दुसऱ्याचे राहते घर पाहण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो? पैसे मोजल्याने, भक्तीने, की आणखी कशाने?

मराठीत अशा जागांना ‘प्रेक्षणीय स्थळे’ म्हणतात. या शब्दातील ‘अनीय’ हा संस्कृत व्याकरणातला कृत्य प्रत्यय आहे. तो योग्यता सांगतो, तसेच कर्तव्यही सांगतो. करणीय म्हणजे करण्याजोगे आणि करावयास हवे असे. त्या न्यायाने प्रेक्षणीय म्हणजे जे पाहण्याजोगे आहे आणि जे पाहिलेच पाहिजे, ते. पर्यटनाच्या व्यवहारात यातली कर्तव्याची छटा पुसली गेली आणि योग्यता तेवढी उरली, तीही स्थळाची. पाहणाऱ्याच्या योग्यतेचा विचारच उद्भवत नाही.

तीर्थयात्रेत तो उद्भवत असे. यात्रेकरू देवाला पाहतो आणि देवही आपल्याला पाहतो, अशी त्याची श्रद्धा असते; त्यामुळे पाहण्याच्या क्रियेत तो स्वतःही उघडा पडतो. शिवाय तीर्थाला जाऊन काही सोडून यावे लागते. गयेला जाऊन आलेली माणसे आवडीचे एखादे फळ किंवा भाजी जन्मभर वर्ज्य करतात. पर्यटक मात्र स्थळापाशी काही सोडत नाही. तो छायाचित्रे, शंख आणि आठवणी घेऊन येतो. यात पाप आहे असे नव्हे. समुद्राच्या निळाईने सुखावणे हा माणसाचा निर्मळ आनंद आहे आणि त्यावर यात्रेचे ओझे लादण्याचे कारण नाही. अडचण येते ती एकाच तिकिटात आनंद आणि यातना शेजारी शेजारी मांडल्या जातात तेव्हा.

सेल्युलर जेल या दृष्टीने विलक्षण वास्तू आहे. १८९६ ते १९०६ या काळात ती बांधली गेली. मधोमध एक मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तिमजली चाळी. प्रत्येक चाळीचे तोंड शेजारच्या चाळीच्या पाठीकडे, त्यामुळे सुमारे सातशे एकांत कोठड्यांतील बंदिवानांना एकमेकांचे तोंड दिसू नये; आणि मनोऱ्यावरील पहारेकऱ्याला सर्व चाळींवर नजर ठेवता यावी. कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल गाळून घेण्याची शिक्षा शरीरासाठी होती. ही रचना मनासाठी होती. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे आणले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याआधीपासूनच येथे होते. तरीही हे दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात असूनही दीर्घ काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत. कोणी कोणाला पाहावे आणि कोणी पाहू नये, याचा निर्णय येथे विटांनी केला होता.

भूकंप, जपानी अंमल आणि नंतरची पाडापाडी यांतून सातांपैकी तीनच चाळी उरल्या. आज पर्यटक त्या मनोऱ्यावर चढतो. तेथून चाळी दिसतात, समुद्र दिसतो, समोरचे रॉस बेट दिसते. देखावा सुंदर आहे. परंतु तो ज्या जागी उभा असतो ती पहारेकऱ्याची जागा आहे. कोठडीत जाऊन त्याने हात जोडलेले असतात, कदाचित डोळेही पुसलेले असतात. तथापि सर्वांत चांगले दृश्य त्याला मिळते ते बंदिवानाच्या जागेवरून नव्हे. बंदिवानाच्या वाट्याला उंचावरचा एक झरोका आला होता. हा दोष पर्यटकाचा नाही, वास्तूचा आहे. पण तो ध्यानात येणे, मनोऱ्यावर क्षणभर अवघडल्यासारखे होणे, ही पाहण्याच्या योग्यतेची पहिली खूण मानावी लागेल.

मराठी प्रवासी बहुधा सावरकरांच्या कोठडीपाशी थांबतात. समुद्राला उद्देशून त्यांनी रचलेले गीत तेथे म्हटले जाते. ते गीत अंदमानात नव्हे, तर १९०९ मध्ये इंग्लंडातील ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचले गेले, याची आठवण सर्वांनाच असते असे नाही. या थांबण्यात स्वाभाविक आपुलकी आहे. परंतु एका कोठडीभोवती जमलेल्या भक्तीमुळे उरलेल्या शेकडो कोठड्या नुसता व्हरांडा होऊन जातात. १९३३ च्या उपोषणात प्राण गमावलेले महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हे याच तुरुंगातले. त्याहीपलीकडे, ज्यांच्या गुन्ह्याला राजकारणाचे नाव नव्हते असे सामान्य कैदी हजारोंच्या संख्येने या बेटांवर आले. त्यांच्यातील अनेकांचे वंशज आजही तेथे राहतात. आणि १९१८ पासून छोटा नागपूर आणि त्याला लागून असलेल्या छत्तीसगड-ओडिशाच्या वनप्रदेशातून मजूर नेले गेले. उरांव, मुंडा, खडिया अशा जमातींच्या या लोकांना अंदमानात सरसकट ‘रांची’ म्हणतात. जंगल तोडणे, रस्ते करणे ही कष्टाची कामे त्यांनी केली. रायपूरच्या प्रवाशाचे हे शेजारी. तो इतक्या दूर जाऊन आपल्या भाषेचा बंदिवान शोधतो. आपल्या प्रांताचा मजूर त्याला दिसत नाही. त्याच्या पायांखालचा रस्ता कोणत्याच यादीत प्रेक्षणीय नसतो.

येथे एक आक्षेप घेता येईल. पाहणारे आले म्हणूनच या जागा टिकल्या, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. सेल्युलर जेल पाडले जाऊ नये म्हणून स्वतः माजी राजबंद्यांनी आवाज उठवला आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी तत्कालीन पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते ते राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाले. ज्यांनी तेथे यातना भोगल्या त्यांचीच इच्छा होती, की लोकांनी यावे आणि पाहावे. पर्यटनावर आज त्या बेटांवरील अनेकांची चूलही पेटते. म्हणजे पाहणे हा नेहमी आगंतुकपणा नसतो. कधी ते भोगणाऱ्याने दिलेले निमंत्रण असते. मात्र या आक्षेपातूनच निकष हाती लागतो. जेथे पाहिले जाणाऱ्याची संमती आहे, तेथे पाहणे कर्तव्य होऊ शकते. जेथे ती नाही, तेथे काय?

बाराटांग बेटावरच्या गुहांकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा जमातीच्या राखीव जंगलातून जातो. काही शे माणसांची ही जमात हजारो वर्षे या अरण्यात राहत आली आहे. १९९७ नंतर जारवा बाहेरच्यांना भेटू लागले; १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालू राहिली. २०१२ च्या जानेवारीत, जारवा स्त्रियांना खाण्याच्या आमिषाने पर्यटकांपुढे नाचायला लावल्याचे चित्रण जगासमोर आले आणि देशाची मान खाली गेली. २०१३ मध्ये न्यायालयाने पर्यटकांना घातलेली बंदी काही आठवड्यांतच उठली. छायाचित्रे घेण्यास आणि थांबण्यास कायद्याने मनाई आहे. मोटारींचा ताफा पोलीस बंदोबस्तात जातो. पण खिडकीतून पाहण्यास मनाई कशी करणार? गुहा पाहायला निघालेल्या प्रवाशाचे डोळे वाटेत झाडांमध्ये कोणाला शोधत असतात, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

छत्तीसगडच्या माणसाला हे अपरिचित नाही. बस्तरमधील मुरिया गोंडांच्या घोटुलविषयी वेरियर एल्विन यांचा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे वर्षानुवर्षांचा सहवास होता. पुढे मात्र बाहेरच्या अनेकांनी तेथून केवळ कुतूहल चाळवण्यापुरते चित्र उचलले आणि तरुणांच्या शिक्षणाची व नृत्यगीतांची ती संस्था तमाशाचा विषय बनवली. आपल्या अंगणात उपरे डोकावले की माणसाला कसे वाटते, हे जाणणाऱ्या प्रांतातील प्रवाशाने तरी जारवांच्या अरण्यात मान वळवू नये, अशी अपेक्षा फार मोठी नाही. गुहांचा बेत वगळणे हा तर त्याहून सरळ मार्ग. नव्वदच्या दशकात उत्तर सेंटिनेल बेटाच्या किनाऱ्यावर नारळ सोडत जाण्याच्या मोहिमा शासनानेच थांबवल्या. राज्यसंस्थेला जे उमगले ते एका कुटुंबाला उमगणे अशक्य नसावे. तीर्थाला जाऊन आवडीचे फळ सोडणाऱ्या परंपरेला एक दृश्य सोडणे जड वाटू नये. न पाहणे हेही कधी दर्शनच असते.

पाहण्याच्या योग्यतेची परीक्षा बेटावर पोहोचण्यापूर्वीच सुरू होते. गोल बाजारातून निघून मालवीय मार्गाने जाणाऱ्याला थोड्याच वेळात जयस्तंभ चौक लागतो. सोनाखानचे जमीनदार नारायण सिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटले. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात मृत्युदंड दिला गेला. ती जागा याच चौकात होती, असे लोकस्मृती मानते. पुढच्याच महिन्यात हनुमान सिंह यांनी येथील पलटणीत उठाव केला. ते निसटले, पण त्यांच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारी १८५८ रोजी याच शहरात फासावर चढवण्यात आले. त्यानंतर सात आठवड्यांनी, १० मार्च १८५८ रोजी, दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी अंदमानला उतरली. रायपूरचा फास आणि अंदमानची वसाहत ही एकाच उठावाची फलिते होत. तरी एकासाठी सागर ओलांडला जातो, आणि दुसऱ्याजवळून दिवसातून दोनदा जाताना लक्ष असते ते सिग्नलच्या दिव्याकडे.

यावरून दूरचे तीर्थ खोटे ठरत नाही. मात्र जवळचे न पाहता येणाऱ्या डोळ्यांना दूरचे खरोखर दिसते का, ही शंका राहते. दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर अंदमानात काय काय आहे यावर अवलंबून नाही. ते दांपत्य कोठे थांबणार, मनोऱ्यावर कोणाची जागा ओळखणार आणि कोणत्या खिडकीशी मान फिरवणार, यावर आहे. पिशवीत चंदनी हार ठेवून घराकडे निघालेली त्यांची रिक्षा जयस्तंभापाशी लाल दिव्याला उभी राहील. ते थांबणे अर्ध्या मिनिटाचे असते. तेवढा वेळ पुरतो.