हितकर आहार आणि उपदेशाचा अधिकार

काय खावें, काय वर्ज्य करावें, उपवासास काय चालतें, याविषयीं बोलण्यास आपल्याकडे कोणी मागें राहत नाहीं. परंतु मोजक्या पैशांत अन्न विकत घेणाऱ्या मनुष्यानें हिताचें सोडून अहिताचें घेतलें, तर त्यास दोष द्यावा काय, आणि तो देण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न सहसा वाण्याच्या दुकानाबाहेर पडत नाहीं. वरवर तो घरखर्चाचा दिसतो. विचारान्तीं तो नीतिशास्त्राचा आहे असें आम्हांस वाटतें, आणि तसें वाटण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला.

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आम्ही वाण्याच्या दुकानीं उभे होतों. कामावरून परतणारी एक बाई आली. तिनें पाव किलो तूरडाळ व तेलाची लहान पिशवी घेतली, आणि कडेवरच्या मुलाच्या हातीं बिस्किटांचा पुडा दिला. आमच्यांतील अध्यापक जागा झाला. ‘बाई, तेवढ्याच पैशांत फुटाणे घ्या, मुलाच्या अंगीं लागतील,’ असें आम्ही बोलून गेलों. ती रागावली नाहीं. ‘यानं फुटाणे टाकून दिले तर ते पैसे कोण देणार, काका?’ एवढें म्हणून ती निघून गेली.

आमचें म्हणणें शास्त्राला सोडून नव्हतें. १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारें २० ग्रॅम प्रथिनें असतात. मैद्याच्या साध्या बिस्किटांत त्याच्या निम्मींहि नसतात. धान्याच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळ भरून काढते, म्हणून पिठलें-भाकरी किंवा वरण-भात हें जेवण केवळ रुचीचें नव्हे, शहाणपणाचेंहि आहे. निलगिरींतील कुन्नूर येथील संशोधनशाळेचे संचालक डॉ. अॅक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांवरून पुरेसा आहार कसा योजावा हेंहि सांगितलें. काय खावें हें तेव्हांपासून आपणांस पुष्कळसें ठाऊक आहे.

योगायोग असा कीं, त्याच १९३७ सालीं इंग्लंडांत जॉर्ज ऑर्वेल यांचें ‘द रोड टु विगन पिअर’ हें पुस्तक निघालें, आणि ठाऊक असलेलें मनुष्य कां खात नाहीं, याचा शोध त्यांत आहे. बेकार खाणमजुराच्या एका कुटुंबाचा, नवराबायको व दोन लहान मुलें यांचा, आठवड्याच्या ३२ शिलिंगांचा हिशेब त्यांनीं दिला आहे. अशा घरांत मुख्य खाणें पांढरा पाव, मार्गारिन, डब्यांतील मांस, बटाटे आणि साखर घातलेला चहा. ऑर्वेल यांचें म्हणणें असें कीं, खिसा जितका रिकामा तितकें पथ्याच्या अन्नाकडे मन कमी वळतें. कंटाळलेल्या, गांजलेल्या जिवास कांहीं तरी चवीचें हवें असतें. हें खरें आहे, पण पुरतें नव्हे. आम्हांस भेटलेल्या बाईनें जिभेची गोष्टच काढली नव्हती; तिनें हिशेब सांगितला होता.

तो हिशेब असा. भरल्या घरांत नवा पदार्थ आणला आणि मुलानें तोंड फिरविलें, तर आई दुसरें कांहीं पुढें करते. मोजक्या पैशांच्या घरांत तें टाकलेलें अन्न म्हणजे त्या रात्रीचें जेवण असतें. म्हणून तेथें जें नक्की खाल्लें जाईल तेंच घेणें हा विवेक ठरतो. शिवाय कडधान्य भिजविण्यास वेळ लागतो, शिजविण्यास इंधन लागतें. पुडा फोडण्यास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्यास जो भाव मिळतो, तो रोजचें रोज घेणाऱ्यास मिळत नाहीं. आणि एके काळीं गरिबाची म्हणून हिणविलेली ज्वारी आज कित्येकदा गव्हाहून महाग पडते.

येथें कोणी विचारील: सर्व दोष परिस्थितीचाच, तर मग शहाणपणास कांहींच जागा नाहीं काय? आहे, आणि ती नाकारणें हा त्या बाईचा अधिक मोठा अपमान होईल. उतरत्या बाजारीं भाजी घेणें, शेवग्याचा पाला वायां न घालविणें, मूठभर डाळींत चार माणसांचें कालवण करणें, हें ज्ञान तिच्यापाशीं असतें. आमच्यापाशीं कोष्टक असतें. ॲरिस्टॉटल यांनीं नीतिशास्त्रांत मध्यम मार्ग समजावितांना अन्नाचाच दृष्टान्त घेतला आहे: मिलो या मल्लास जें थोडें, तें तालमींत नुकत्या आलेल्यास फार. योग्य प्रमाण वस्तूवरून ठरत नाहीं, मनुष्यावरून ठरतें. पुढें तेच म्हणतात कीं, हलकें मांस पचतें एवढेंच ज्यास ठाऊक, पण हलकें कोणतें हें ठाऊक नाहीं, त्याच्या हातून आरोग्य साधणार नाहीं. त्या सायंकाळीं दुकानांत सामान्य सिद्धान्त आमच्याजवळ होता; विशेषाचें ज्ञान त्या आईजवळ होतें.

मग उपदेश करूंच नये काय? आमच्या मतें, उपदेश फसल्यास त्याचें नुकसान सोसण्यास जो तयार आहे, त्यास तो करण्याचा अधिकार आहे. समाजानें हें कोठें कोठें केलेंहि आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस माणशीं महिना ५ किलो धान्य ठरविलें, आणि २०२३ पासून तें विनामूल्य मिळूं लागलें. त्यानें पोट भरतें. पण कायद्यांतील हक्क धान्याचा आहे, डाळ व भाजी यांची चिंता बव्हंशीं घराचीच राहिली. याहून आम्हांस शाळेंतील शिजविलेलें जेवण अधिक मोलाचें वाटतें. सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २००१ मध्यें तें देण्याचा आदेश राज्यांस दिला. तेथें मूल मटकीची उसळ पहिल्यानें चाखतें. न आवडली तरी आईचे पैसे बुडत नाहींत, आणि चार सोबती खात आहेत हें पाहून दुसऱ्या वेळीं तें बहुधा खातेंहि. आईला न परवडणारा प्रयोग तेथें सर्वांच्या खर्चानें होतो.

ज्यांस निवड करण्याची ऐपत आहे, त्या आम्हांस मात्र कोणी टोकीत नाहीं. पांढराशुभ्र तांदूळ, तळलेले पदार्थ, मिठाई यांनीं भरलेली आमची पिशवी पाहून दुकानांत आजवर कोणी हितोपदेश केल्याचें आम्हांस आठवत नाहीं; आणि खरें पाहतां दोषास पात्र जर कोणाची खरेदी असेल, तर ती आमची.

फुटाण्यांची पुडी आपणच विकत घेऊन त्या मुलापुढें धरावी, आवडली तर बरें, न आवडली तर पैसे आपले गेले, हें आम्हांस सुचलें तें घरीं आल्यावर. दुकानांत असतां आम्हांस केवळ बोलणें सुचलें होतें.