विरजण आणि गाणं

ऐंशीच्या दशकात एक सज्जन आमच्या परिचयाचे होते. वाण्याने हिशेबात चुकून चार आणे जास्त दिले, तर भरल्या ताटावरून उठून परत करून येणारे. त्यांच्या कपाटात शंभरेक कॅसेटी होत्या, आणि सगळ्या विकत घेतलेल्या. म्हणजे कोऱ्या विकत घेतलेल्या! गाणी इकडून तिकडून 'उतरवलेली'. शब्द पाहा. दृष्ट उतरवावी, ओझं उतरवावं, तशी गाणी उतरवायची. पुण्यकर्मच की हो!

आता अशा माणसाला चोर म्हणा बरं. चोरी म्हटली की वस्तू मालकाकडून गेली पाहिजे. देवळाबाहेरून चप्पल गेली की आपण अनवाणी घरी येतो. गाण्याचं तसं नाही. ते विरजणासारखं. शेजारणीने चमचाभर नेलं म्हणून आपलं दही कमी होत नाही, आणि विरजण नाकारणं म्हणजे आळीत भांडण. त्यामुळे कॅसेट उतरवून देणारा स्वतःला दाता समजतो. या विरजणनीतीपुढे १९५७ चा कॉपीराइट कायदा बिचारा काय करणार?

कुणी हटकलंच, तर दुसरं उत्तर तयार. "पैसे कलावंताला थोडेच मिळतात? कंपनीच्या घशात जातात!" यात तथ्य होतं, हीच तर पंचाईत. बरेच गीतकार-संगीतकार एकदाच मानधन घेऊन हक्क लिहून देत. रॉयल्टीतला त्यांचा वाटा कायद्याने पक्का व्हायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. पण शेतकऱ्याला भाव मिळत नाही, म्हणून मंडईतून मेथीची जुडी फुकट उचलून आणणारा क्रांतिकारक मी अजून पाहिलेला नाही.

पुढे १९९९ मध्ये अमेरिकेत नॅप्स्टर निघालं आणि शेजार जगभर पसरला. २००१ मध्ये कोर्टाने त्याला टाळं लावलं. २००३ मध्ये ॲपलने एकेक गाणं ९९ सेंटांना विकायला काढलं, तर पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली! म्हणजे निदान काही जणांना पैसे जड नव्हते, खेटे जड होते.

मला वाटतं, आपला प्रामाणिकपणा तोंडओळखीवर चालतो. वाणी रोज समोर दिसतो. ध्वनिमुद्रणात तिसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवणारा मात्र कधी जिन्यात भेटत नाही. भेटला असता, तर आपण त्याला आग्रहाने घरी नेलं असतं, चहा-पोहे दिले असते, आणि कौतुकाने त्याचीच कॅसेट लावून ऐकवली असती. उतरवलेली.