वाघ आणि टाचणी

कॉर्बेटच्या अरण्यात आम्ही गेलो ते अर्थातच वाघ पाहावयास. नोकरीनिमित्त उत्तरेत राहणाऱ्यांकडे देशावरून पाहुणे आले की हा एक कुलाचारच होऊन बसतो. तीन तास जीपमध्ये श्वास रोखून बसलो. वाघ आला नाही. ओढ्याकाठच्या गवतावर मात्र एक निळी टाचणी पंख मिटून बसली होती. चतुराची ही सडपातळ बहीण. तिच्याकडे कोणी बोटही दाखविले नाही.

लिनीअसने १७५८ साली वाघाला शास्त्रीय नाव दिले, आणि त्याच ग्रंथात युरोपातील एका टाचणीलाही. दोघांच्या वाट्याला दोन दोनच शब्द आले. श्रेणी लावली ती आम्ही.

वस्तुतः टाचणीही शिकारीच. पंख फुटण्यापूर्वी ती पाण्याखाली राहते आणि घडी घातलेला खालचा ओठ एकाएकी पुढे फेकून डासांच्या अळ्या धरते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील फ्रेझर नावाच्या डॉक्टराने हिंदुस्थानातील चतुर व टाचण्या यांवर १९३३ ते १९३६ या काळात तीन खंड लिहिले. बदलीच्या गावी वेळ जात नाही म्हणणाऱ्यांनी ते एकदा चाळावेत.

१९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. २०२२ च्या गणनेत देशात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. छायाचित्रांतील पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो. टाचण्यांची शिरगणती कोण करणार? यावर वनखात्यातील आमचे एक स्नेही म्हणतात, वाघ राखला की अरण्य राखले जाते, अरण्याबरोबर ओढा, आणि ओढ्याबरोबर तुमची टाचणी. युक्तिवाद खरा आहे. आम्ही तो नाकारीत नाही. परंतु त्याचा अर्थ असा की टाचणीने जगावे ते वाघाच्या आश्रयाने. मग जेथे वाघ नाही, त्या भातखाचरांतील, गावतळ्यांतील टाचणीचा कैवार कोणी घ्यावा? तिचे जगणे तिच्यापुरते मोलाचे नाही काय?

हे विचारण्याचा आम्हास कितपत अधिकार आहे, कोण जाणे. आमच्या वसाहतीमागे एक तळे होते. डास होतात अशी तक्रार आली, फाइल फिरली, आणि तळे बुजविण्यास हरकत नाही असा शेरा मारून आम्हीच सही केली. पावसाळ्यानंतर त्या तळ्यावर निळ्या टाचण्या येत असत. आता तेथे मोटारी उभ्या असतात. डास आहेतच.