गाव हलवता येते का?

एखादे गाव उठवून दुसरीकडे वसवले, तर ते तेच गाव राहते का? तत्त्वज्ञानात हा तादात्म्याचा प्रश्न मानला जातो आणि त्याची चर्चा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पनवेल परिसरात तो गेल्या दशकात घराघरांत येऊन उभा राहिला. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ११६० हेक्टर जागा घेतली गेली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे यांसह दहा गावे-पाडे त्या जागेत होते. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. फेब्रुवारी २०१८मध्ये भूमिपूजन झाले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. दरम्यान माणसे वडघर, वहाळ, पुष्पकनगर अशा ठिकाणी नव्या भूखंडांवर राहायला गेली. घरे नवी, जमीन नवी, वाटा नव्या. जुने काय उरले, याचे उत्तर भावनेवर सोडून देता येत नाही, कारण भरपाई कशाची द्यायची हे त्या उत्तरावरच ठरते.

ग्रीक लेखक प्लुटार्क थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगतो. अथेन्सकरांनी ते जहाज जपून ठेवले आणि कुजलेली फळी काढून तिथे नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात आणखी एक पेच टाकला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्याच क्रमाने जोडल्या, तर खरे जहाज कोणते? विस्थापित गावाचा पेच याहून अवघड आहे. तिथे फळ्या एकेक करून बदलत नाहीत, सगळ्या एकदम जातात आणि जहाजावरची माणसे तेवढी उरतात.

भारतीय परंपरेत हा वाद अधिक बारकाईने झाला. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय. चाक रथ नव्हे, आस नव्हे, जू नव्हे, आणि या सर्वांपलीकडेही रथ नावाची वेगळी वस्तू सापडत नाही. भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले की व्यवहारासाठी आपण त्याला रथ म्हणतो. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून खरोखर वेगळी असते. वस्त्र धाग्यांत राहते, पण वस्त्र म्हणजे धाग्यांची बेरीज नव्हे. धाग्यांचा ढीग अंगावर पांघरता येत नाही. या भूमिकेची किंमतही त्यांनी मोजली: एक धागा काढला की ते वस्त्र नष्ट होते आणि दुसरे खंडवस्त्र उत्पन्न होते, असे त्यांना म्हणावे लागले.

पुनर्वसनाचा कोणताही आराखडा या वादात न बोलता एक बाजू घेतो. राहत्या घराच्या बदल्यात भूखंड, शेतजमिनीच्या बदल्यात विकसित जमिनीचा वाटा, देऊळ, शाळा आणि स्मशानभूमी यांसाठी वेगळी तरतूद, अशी यादी जेव्हा केली जाते, तेव्हा गाव म्हणजे या बाबींची बेरीज हे गृहीत धरलेले असते. यादी प्रामाणिकपणे केली तरी तिच्यात न बसणारे पुष्कळ उरते. कोणाच्या ओटीवर संध्याकाळी बायका बसतात, अडीनडीला कोणाचे दार वाजवायचे, हळदीला कोणत्या घराने काय करायचे, पालखी कोणत्या आळीतून आधी जाते, हे सारे संबंध आहेत, वस्तू नव्हेत. शेजार मोडून भूखंड वाटले, तर प्रत्येक घराला कागदावर सगळे मिळूनही गाव मिळत नाही. नैयायिकांच्या अवयवीचा अर्थ इथे कळतो.

तरीही जागा सुटली म्हणजे गाव मेलेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागसेनानेच दिलेला दुसरा दृष्टान्त इथे अधिक उपयोगी आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, पण ती सर्वस्वी दुसरीही नव्हे. एकीतून दुसरी पेटत गेली. गावाचे सातत्य असेच असते. नव्या जागी गावदेवीची स्थापना झाली, गावकीची बैठक भरत राहिली, जत्रेला सासुरवाशिणी माहेरी येत राहिल्या, तर गाव चालू आहे. या क्रिया चालू राहतील अशी जागा आणि अशी मुदत देणे हा पुनर्वसनाचा खरा निकष असायला हवा, नुसते चौरस मीटर नव्हेत.

दुसरा प्रश्न मालकीचा. जमीन कोणाची आणि का? जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले की माणूस निसर्गात आपले श्रम मिसळतो आणि त्यातून त्याचा हक्क जन्मतो. इंग्लंडमधल्या कुरणांपेक्षा पनवेल-उरणच्या खारजमिनीला हा विचार जास्त चपखल लागू पडतो. भरतीचे पाणी अडवण्यासाठी बांध घालायचा, उघाडीतून पाणी सोडायचे, वर्षानुवर्षे खारेपणा धुऊन काढायचा आणि मग तिथे भात पिकवायचा. शेजारी मिठागरे करायची. आगरी, कोळी आणि इतर कष्टकऱ्यांच्या पिढ्यांनी अशी जमीन समुद्राकडून मिळवली. लॉकला जे तर्काने सिद्ध करायचे होते, ते पनवेल-उरणच्याच जिल्ह्यात संघर्षाने सांगितले गेले. अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या परिसरात १९३३मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध शेतीचा संप पुकारला आणि तो १९३९पर्यंत चालला. कसणाऱ्याचा हक्क पुढे १९४८च्या कूळकायद्यात आणि १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनात आला.

मार्च १९७०मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घ्यायचे ठरले. पैसे हातात ठेवून विषय संपतो का, हा प्रश्न शेतकरी कामगार पक्षाचे नेते आणि पनवेलचे आमदार दि. बा. पाटील यांनी लावून धरला. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. विमानतळग्रस्तांसाठी हाच वाटा साडेबावीस टक्के झाला. या बदलाचा आशय आकड्यांपेक्षा खोल आहे. कांटने १७८५मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला: किंमत असलेल्या गोष्टीच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवता येते, प्रतिष्ठेची जागा दुसरे काही घेत नाही. एकरकमी मोबदला शेतकऱ्याला विक्रेता ठरवतो आणि व्यवहार तिथेच संपवतो. वाटा त्याला शहराचा भागीदार ठरवतो. अर्थात भूखंड विकून पैसे संपले, तर पुढच्या पिढीच्या हाती ना शेत उरते ना वाटा. आजच्या सहीने न जन्मलेल्यांचा हक्क विकला जाऊ शकतो का, याचे उत्तर कोणत्याही योजनेने अजून नीट दिलेले नाही.

तिसरा प्रश्न ज्ञानाचा: नुकसान झाले हे सिद्ध कशाने होते? याज्ञवल्क्यस्मृती हक्काला तीन प्रमाणे मानते: लेख, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, आणि साक्षी. मराठेशाहीतील गोतसभा वतनाच्या तंट्यात साक्षी घेऊन निवाड्याचा लेख (महजर) करीत, म्हणजे गावाची आठवण हे तिथे प्रमाण होते. आधुनिक महसूल व्यवस्थेत लेखाचे पारडे फार जड झाले. सातबाऱ्यावर नाव असेल तर माणूस बाधित, नसेल तर तो अदृश्य. खाडीचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी यांवर जगणारी कोळी कुटुंबे, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे मजूर आणि आदिवासी यांचा उपभोग पिढ्यांचा असतो, पण त्याचा कागद नसतो.

या बाबतीत २७ फेब्रुवारी २०१५चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाचा निर्णय महत्त्वाचा आहे. न्हावा-शेवा बंदराच्या विस्तारामुळे भरतीच्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या आणि मासेमारी बुडाली, ही उरण-पनवेल भागातील पारंपरिक मच्छीमारांची तक्रार होती. न्यायाधिकरणाने १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. जमिनीची मालकी नसताना केवळ उपजीविकेचा परंपरागत उपभोग हा भरपाईचा आधार मानला गेला. याज्ञवल्क्याच्या भाषेत सांगायचे तर लेख नसताना भुक्ती प्रमाण ठरली, आणि सातबाऱ्याबाहेरच्या माणसांचे नुकसान कायद्याच्या नजरेत आले.