उताराकडची जागा

धडगावात क्रिकेटला सपाट जागा शोधणं हाच एक खेळ आहे. सातपुड्यात चेंडू सुटला की तो थेट नाल्यात जातो, आणि ज्याच्या हातून सुटला त्यानेच तो आणायचा, असा आमचा नियम होता. त्यामुळे उताराकडची जागा कोणालाच नको असायची. तिथे माझा एक वर्गमित्र उभा राहायचा. ज्वारीवरची पाखरं गोफणीने उडवून त्याचा हात तयार झालेला. तिथून त्याने फेकलेला चेंडू एका टप्प्यात स्टंपांपाशी यायचा. स्टंप म्हणजे अर्थात तीन काटक्या.

गेल्या होळीला मी पुण्याहून घरी गेलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी नववीच्या मुलांशी बोलायला बोलावलं. "मेहनतीने सगळं होतं, एवढं सांगा," म्हणाले. मी एकनाथ सोलकरची गोष्ट सांगितली. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी, म्हणजे मैदान राखणारे. मैदानावरच्याच एका खोलीत अख्खं कुटुंब. लहानपणी सामने चालू असताना एकनाथ धावफलकावरचे आकडे बदलायचा. पुढे तो भारतीय शालेय संघाचा कर्णधार झाला, आणि त्या संघात सुनील गावस्कर होता. 1969 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

माझा तो वर्गमित्र खिडकीबाहेर उभा राहून ऐकत होता. होळीसाठी गुजरातेतल्या ऊसतोडीवरून परतला होता, त्याचा मुलगा याच शाळेत आहे. नंतर चहा पिताना त्याने आमच्या बोलीत एवढंच विचारलं, "त्याचा बाप मैदानाचाच माणूस होता ना?"

मी हो म्हटलं आणि विषय बदलला. पण तो प्रश्न मी पुण्याला परत घेऊन आलो.

सोलकरची गोष्ट आपण अडथळ्यांची गोष्ट म्हणून सांगतो: झोपडी, गरिबी, तरीही कसोटीपटू. त्यातला 'तरीही' खरा आहे का? गरिबी खरीच होती. पण दार उघडलं की समोर खेळपट्टी, आणि त्या काळच्या मुंबईचे चांगले खेळाडू रोज डोळ्यांसमोर. धाकटा भाऊ अनंतही प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळला. एका खोलीतून दोघं! माझ्या तालुक्यातून कसोटीपर्यंत एकही नाही. आमच्याकडे हात कमी तयार होतात, असं मला कोणी पटवू शकणार नाही.

2008 मध्ये एका अमेरिकन माणसाने भारतात वेगाने चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा घेतली, 'मिलियन डॉलर आर्म' नावाची. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल त्यातून पुढे आले आणि पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाशी करारबद्ध झाले. हात आधीपासूनच होते, कोणीतरी बघायला आल्यावर ते दिसले.

आता माझं. माझे वडील शाळेत शिपाई होते. संगणक कक्षाची किल्ली त्यांच्या खिशात असायची. सुट्टीत ते आवार झाडायचे आणि मी आत बसायचो, वीज असेल तेवढा वेळ. माझ्या मुलाखतींमध्ये, सत्कारांमध्ये मी 'शिपायाचा मुलगा' हे नेहमी सांगत आलोय, आणि दरवेळी अडथळा म्हणूनच. किल्लीचा उल्लेख एकदाही केला नाही. हे खोटं बोलणं आहे का? प्रत्येक वाक्य तर खरं आहे.

उलट बाजूही सोडता येत नाही. तीच किल्ली माझ्या थोरल्या भावालाही होती. त्याला त्या खोलीत अर्ध्या तासात झोप यायची. आणि सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पुढ्यात, हेल्मेटशिवाय उभा राहायचा. 27 कसोट्यांत 53 झेल. ती छाती वडिलांच्या नोकरीने दिली नव्हती. मग पुन्हा वाटतं, बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन नसते, तर त्या जागेवर उभं राहून त्याने कोणाचे झेल घेतले असते? मी आवश्यक अट आणि पुरेशी अट यांचा हिशेब रोज करतो, पण इथे तो कुठे थांबवायचा ते कळत नाही.

1971 च्या ओव्हल कसोटीत ॲलन नॉटचा तो प्रसिद्ध झेल धावफलकात 'झे. सोलकर गो. वेंकटराघवन' असा आहे. बळी मोजताना तो गोलंदाजाच्याच खात्यात जातो, पण निदान नावं दोन छापली जातात. माझ्या पदवीवर एकच आहे.

वर्गमित्र होळीनंतर पुन्हा ऊसतोडीवर गेला. मुलगा वसतिगृहात आहे, आठ वर्षांचा, आणि म्हणे उताराकडेच उभा राहतो. मुख्याध्यापकांनी यंदाही बोलावलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. वडील आता निवृत्त झालेत. संगणक कक्षाची किल्ली सध्या कोणाकडे असते, हे परवा मी त्यांना फोनवर विचारलं.