शेवटच्या दिवसाचा प्रश्न



सुट्टी लागली की हल्ली आपल्याकडची तरुण मुलेही नदीकाठच्या कॅम्पला जाऊ लागली आहेत. रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदी आहे. वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर सकाळी तिथे राफ्ट चालतात, संथ पात्रात छोट्या नावा वल्हवता येतात. दोन रात्री तंबूत, चुलीवरची खिचडी, मोजून पाणी. परत आलेली मुले सांगतात की शेवटच्या दिवशी तंबू गुंडाळताना मन जड झाले होते. आणि त्याच दमात सांगतात की घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ केली तेव्हा काय बरे वाटले! आम्हांला विचारात पाडते ते हे दुसरे वाक्य.

परतीची गाडी ठरलेली असताना सोसलेल्या गैरसोयीला साधेपणा म्हणावे काय?

कॅम्पवर बादलीभर पाण्यात दिवस काढणे ही गंमत असते. आपल्या वैजापूर तालुक्यात दुष्काळी वर्षी टँकरच्या वाटेवर हंडे-घागरींची रांग लागते, तिथे कोणी फोटो काढून घेत नाही. पाणी तेवढेच, पण एकाने ते हौसेने कमी केलेले असते आणि दुसऱ्याला कोणी विचारलेलेच नसते.

नावेचेही तसेच. शेजारच्या गंगापूर तालुक्यातील भिव धानोऱ्याची बातमी अनेकांना आठवत असेल. जायकवाडीच्या फुगवट्यामुळे तिथल्या वस्तीची वाट पाण्याने अडलेली. पंधराएक मुले थर्माकोलच्या तुकड्यावर बसून, हाताने केलेले वल्हे मारीत शाळेला जातात, पाण्यातले साप हाकलायला सोबत बांबू ठेवतात, असे २०२३ साली वर्तमानपत्रांतून आले. जायकवाडीचे काम १९६५ मध्ये सुरू झाले आणि १९७६ मध्ये धरण राष्ट्राला अर्पण झाले. शंभराहून अधिक गावे त्यात विस्थापित झाली. त्या पाण्यावर मराठवाड्याची शेती आणि शहरे उभी आहेत, हेही खरेच. पण या मुलांच्या आजी-आजोबांच्या पिढीपासून चाललेल्या त्या प्रवासाला शेवटचा दिवस कोणता?

मग कॅम्पला जाणे हे ढोंग ठरते का? आम्हांला तसे वाटत नाही. पोप जॉन पॉल दुसरे तरुण धर्मगुरू असताना पोलंडमधील विद्यार्थ्यांना घेऊन नद्या-तळ्यांवर नावेने भटकत असत. कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूंना तरुणांचे असे गट चालवण्यास मनाई होती, म्हणून मुले त्यांना 'काका' म्हणत. उलटी ठेवलेली नाव हीच वेदी, दोन वल्ही बांधली की क्रूस. ऑगस्ट १९५८ मध्ये अशाच एका सहलीतून त्यांना वॉर्साला बोलावून बिशपपदाची नेमणूक कळवण्यात आली. ती स्वीकारून ते पुन्हा नावेकडे परतले! जुलै १९७८ ची सहल त्यांची शेवटची ठरली, कारण ऑक्टोबरमध्ये ते पोप झाले. ती सहल संपताना पुढचे कोणाला ठाऊक होते? त्या मुलांनाही घरे होती, परतीची वाट होती. तरीही शहरात जे मोकळेपणाने बोलता येत नव्हते, ते नदीवर बोलता येत होते. तिथली गैरसोय कशासाठी तरी होती.

म्हणून आम्ही गरम पाण्याच्या आंघोळीला नावे ठेवणार नाही. थकलेल्या अंगाला ती हवीच. आमचे म्हणणे एवढेच की त्या सुखाच्या क्षणी आपण परतू शकलो हे ध्यानात यावे, आणि ज्यांना परतता येत नाही त्यांच्याकडे 'किती साधी माणसे, थोडक्यात समाधानी' अशा कौतुकाने पाहणे थांबावे. हे कौतुक फार स्वस्त आहे. आपण खेड्यांतून सभा घेतो तेव्हाही ते आपल्या तोंडी येतेच.

कोलाडला लाईफ जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. थर्माकोलवरच्या मुलांच्या अंगावर शाळेचा गणवेश होता.